हेतूचा शोध आणि विसरलेली नावे : मालिकेतला गुप्तहेर, मालिकेतले खून आणि मराठी वाचक

मराठी रहस्यकथेविषयी जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात आकड्यांना फार मान आहे. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारावर पुस्तके लिहिली, पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा टप्पा ओलांडला, ही माहिती जवळजवळ प्रत्येक लेखात येते आणि बहुधा तेथेच लेख संपतो. ही पुस्तके ज्यांनी वाचली त्यांचे त्यांविषयी मत काय होते, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासाने फारसा विचारलेला नाही. कादंबरीच्या वाचकाला निदान अभिरुचीच्या इतिहासात जागा मिळते. रहस्यकथेच्या वाचकाला ‘वेळ घालवणारा’ एवढेच विशेषण मिळते.

आम्ही सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी मराठीचे अध्यापन करतो. एम.ए.ला असताना आम्हीही शिरवळकर आणि धारप वाचत होतो. पण वर्गात ती नावे घेत नव्हतो. आज आमच्या विद्यार्थ्यांची स्थिती फारशी वेगळी नाही; फक्त पुस्तकाची जागा हातातल्या पडद्याने घेतली आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या वाचकाच्या एका विशिष्ट मताचा मागोवा घ्यायचा आहे. दीर्घकाळ चाललेल्या गुप्तहेरमालिकेत एकामागून एक खून करणारा मारेकरी, म्हणजे आजच्या भाषेत सीरियल किलर, येतो तेव्हा वाचक काय म्हणतो? आणि तसाच मारेकरी पुस्तकाबाहेर, आपल्याच मुलखात येतो तेव्हा तोच वाचक काय म्हणतो? (ओघात काही प्रसिद्ध कथांची रहस्ये फुटणार आहेत. त्याबद्दल सुज्ञ वाचकांनी क्षमा करावी.)

वाचकाचे मत शोधायचे कुठे? आमच्यापुरते सांगायचे तर ते शिसपेन्सिलीत सापडते. सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या रहस्यकथा ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना हा अनुभव असेल. कुणीतरी खोडसाळपणे पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असते. शेवटच्या पानावर आणखी कुणी आपला निकाल दिलेला असतो. त्या शेऱ्यांना साहित्यविचार म्हणायला कुणी धजणार नाही, पण अशा अनेक प्रती पाहिल्यावर त्यांतील तक्रारींना एक शिस्त आहे असे दिसते. एक तक्रार अशी की, खुनी फार उशिरा आणला, आधी त्याची ओळखच करून दिली नव्हती. दुसरी अशी की, त्याने खून का केला ते पटत नाही. म्हणजे वाचक दोन हक्क मागत होता. गुन्हेगार ओळखीतला हवा आणि त्याला कारण हवे. हे दोन्ही हक्क पाळले गेले तर भाषा, वर्णने, योगायोग यांची तो फारशी पर्वा करीत नसे. आमच्या मते हा वाचक व लेखक यांच्यातला अलिखित करार होता आणि मालिका चालत राही ती त्या कराराच्या बळावर. झुंझार असो, काळापहाड असो, की धनंजय आणि छोटू असोत, नायक पुस्तकागणिक तोच राहतो. बदलतो तो गुन्हेगाराचा हेतू. इस्टेट, सूड, मत्सर, लोभ या चार-पाच धाग्यांवर शेकडो पुस्तके विणली गेली.

मराठवाड्याच्या बाबतीत या वाचकाला आणखी एक कूळ आहे. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या शाळांतून शिकलेल्या पिढीला मराठीइतकेच, किंबहुना काहींना अधिक सहजपणे, उर्दू वाचता येत असे. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ साली अलाहाबादेहून सुरू झाली. पुढे लेखक कराचीला गेले, तरी भारतातली प्रकाशने थांबली नाहीत. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद ही जोडी हिंदी आवृत्तीत विनोद आणि हमीद झाली आणि देवनागरी वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचली. मका-मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गावातही उर्दू वाचणारी मोठी वस्ती आहे. तेथील वडीलधाऱ्यांशी बोलताना फरीदीचा विषय निघाला की गप्पा लांबतात. आम्हांला नवल वाटले ते एवढ्याचेच की, अर्नाळकरांच्या वाचकाची जी मागणी, तीच त्यांचीही : गुन्हेगार हुशार असावा, पण वेडा नसावा. वेड्याला पकडण्यात फरीदीची काय शोभा, असा त्यांचा सवाल असे.

हा सवाल वाटतो तितका साधा नाही. गुप्तहेरकथेच्या जन्मापासून तो तिच्यासोबत आहे. शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापून आला १८८७ साली. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, त्याच लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ‘जॅक द रिपर’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या अज्ञात मारेकऱ्याने गरीब स्त्रियांचे एकामागून एक खून केले. जगातला सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेर आणि सर्वांत प्रसिद्ध मारेकरी एकाच शहरात एका वर्षाच्या अंतराने अवतरले. तरीही आर्थर कॉनन डॉइल यांनी होम्सला त्या प्रकरणाच्या वाटेला कधी जाऊ दिले नाही. (इतरांनी पुढे ती गाठ अनेकदा घालून दिली, तो भाग वेगळा.) १८९३ मध्ये डॉइल यांनी होम्सला दरीत ढकलले तेव्हा वाचकांनी इतका गहजब केला की, काही वर्षांनी त्याला परत आणावे लागले. वाचकाच्या मताचा मालिकेवर किती दाब असतो याचा हा पहिला मोठा पुरावा. असा वाचक रिपरसारखा निर्हेतुक मारेकरी स्वीकारील की नाही, याची डॉइल यांना शंका वाटली असावी, असे आम्हांस वाटते. होम्सची सारी पद्धत ‘का’ या प्रश्नावर उभी आहे. जेथे ‘का’ला उत्तरच नाही तेथे ती लंगडी पडते.

मग नंतरच्या मालिकांनी हा मारेकरी कसा सामावून घेतला? युक्तीने. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द एबीसी मर्डर्स’ (१९३६) या कादंबरीत इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने खून होत जातात. कुणी माथेफिरू ते करीत आहे असा साऱ्यांचा समज होतो. पोआरो उलगडा करतो तेव्हा कळते की, खुन्याला प्रत्यक्षात एकाच माणसाला मारायचे होते, तेही संपत्तीसाठी. बाकीचे खून हा केवळ आडपडदा. आपल्याकडे शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीने सुरुवातीच्याच काळात, १९३२ मध्ये, कलकत्त्याच्या रस्त्यात ग्रामोफोनच्या पिनेने होणाऱ्या खुनांचा छडा लावला. तेथे मारेकरी पैसे घेऊन माणसे मारणारा निघाला. आणि १९६७ च्या ‘शजारुर काँटा’मध्ये साळिंदराच्या काट्याने खून पडू लागतात. आधी एक भिकारी, मग एक मजूर, मग एक दुकानदार. शेवटी ज्याच्यावर हल्ला होतो तो एक सुखवस्तू तरुण असतो. त्याचे हृदय उजव्या बाजूला असल्यामुळे तो वाचतो. उलगडा पुन्हा तोच : खुन्याला हवा होता तो हा तरुण. आधीचे तिघे पोलिसांची दिशाभूल करण्यासाठी मारले गेले.

या दोन्ही ब्योमकेशकथा बासू चटर्जी यांच्या दूरदर्शन मालिकेमुळे मराठी घरांत पोहोचल्या. १९९३ साली सुरू झालेल्या त्या मालिकेने आमच्या पिढीला ‘रास्ते का काँटा’ आणि ‘साही का काँटा’ दिले. उजव्या बाजूच्या हृदयाची कलाटणी आम्ही कित्येकांना सांगितली असेल. रचनेच्या दृष्टीने ही कथा चोख आहे. वाचकाचे दोन्ही हक्क तिने सांभाळले आहेत : खुनी ओळखीतला आहे आणि हेतू पटणारा आहे. निर्हेतुक वाटणारे खून शेवटी हेतूच्या चौकटीत बसतात आणि वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो.

काही काळापूर्वी एम.ए.च्या वर्गात लोकप्रिय साहित्याचा विषय निघाला असता आम्ही हीच कथा उदाहरणादाखल सांगितली आणि विद्यार्थ्यांना मते विचारली. बहुतेकांनी शेवटाचे कौतुक केले. एकाने हृदयाचा योगायोग ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो असे म्हटले. मग अजिंठ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून येणारी, एरवी गप्प बसणारी विद्यार्थिनी उभी राहिली. “सर, त्या पहिल्या तिघांचं काय झालं? त्यांची नावं काय होती?” आम्ही अडखळलो. आम्ही ही मालिका पाहिली होती आणि गोष्ट अनेकदा सांगितली होती. बचावलेल्या तरुणाच्या छातीत हृदय कोणत्या बाजूला होते हे आम्हांला बिनचूक ठाऊक होते. पण मेलेल्या तिघांपैकी एकाचेही नाव आठवेना. लेखकाने ती दिली आहेत की नाहीत, हा मुद्दा नव्हे. आम्ही ती लक्षात ठेवली नव्हती. वाचक म्हणून आम्हीही तेच केले होते जे खुन्याने केले होते : त्या तिघांना दिशाभुलीचे साधन मानले होते.

या प्रश्नाने आमचा विषयच बदलला. कारण ‘शजारुर काँटा’ आले १९६७ मध्ये आणि १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपलेली माणसे डोक्यात जड वस्तूचा घाव बसून मरू लागली. पदपथावर आणि झोपड्यांत राहणारे हे लोक होते. १९६५–६६ मध्येही असे हल्ले होऊन गेले होते. ऑगस्ट १९६८ मध्ये रमन राघव पकडला गेला. त्याला झालेली फाशीची शिक्षा त्याच्या मनोविकारामुळे १९८७ साली जन्मठेपेत बदलली गेली आणि १९९५ मध्ये पुण्यात तो मरण पावला. या प्रकरणात पोआरोला किंवा ब्योमकेशला सापडला असता तसा कोणताही ‘खरा’ बळी नव्हता. भिकारी आणि मजूर यांच्या खुनांमागे कुणा सुखवस्तू माणसाचा खून दडलेला नव्हता. तेच खून हाच सारा गुन्हा होता. रहस्यकथेच्या वाचकाने वर्षानुवर्षे केलेला अभ्यास येथे निरुपयोगी ठरला. उरला तो केवळ मारेकऱ्याच्या नावाचा दरारा. मुले जेवत नसली तरी घराघरांत ते नाव घेतले जाऊ लागले.

मग पाळी आली मराठवाड्याची. १९७२ हे दुष्काळाचे वर्ष. गावेच्या गावे खडी फोडायला जात होती. त्याच वर्षाच्या अखेरीपासून १९७४ च्या आरंभापर्यंत परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे लहान मुली आणि स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. तपासाची सूत्रे मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णी यांनी हाती घेतली. रमन राघव प्रकरणाचा तपासही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला होता. म्हणजे प्रत्यक्षातही मालिकेतला गुप्तहेर मिळाला. दोन्ही प्रकरणांत तोच एक. तपासयंत्रणेने मांडलेला हेतू होता गुप्तधनाचा आणि अपत्यप्राप्तीचा, त्यासाठी दिलेल्या बळींचा. खालच्या न्यायालयात शिक्षा झालेल्यांपैकी काहींची पुढे वरच्या न्यायालयात सुटका झाली, त्यामुळे वाचकाला हवा असतो तसा गाठ मारलेला शेवट या प्रकरणाला लाभला नाही. या भागातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवसांविषयी विचारावे, तर मुलींना शेतात एकटे पाठवणे बंद झाले होते, हे ते सांगतात. गुप्तधन, पिंपळ, मांत्रिक यांची वर्णने सांगतात. मुली कोण होत्या, हे सांगणारे आम्हांला क्वचितच भेटले.

तिसरे प्रकरण पुण्याचे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात एका कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी दहा माणसांची हत्या केली. संस्कृत व्याकरणाचे अभ्यासक काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांचे कुटुंबीय या बळींत होते. चौघा आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. संध्याकाळ झाली की पुण्यातले रस्ते ओस पडत, ही आठवण त्या पिढीतले अनेकजण सांगतात.

आता या तीन प्रकरणांना आपण कोणत्या नावाने ओळखतो ते पाहावे. मुंबईचे प्रकरण ‘रमन राघव’ म्हणून ओळखले जाते, म्हणजे मारेकऱ्याच्या नावाने. परभणीचे प्रकरण ‘मानवत हत्याकांड’, म्हणजे गावाच्या नावाने. पुण्याचे प्रकरण मात्र ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’, म्हणजे ज्यांचे जीव गेले त्या कुटुंबांच्या नावाने. तिन्ही नावे कुणी एका बैठकीत ठरवलेली नाहीत. वृत्तपत्रे, न्यायालये, चौकातल्या गप्पा यांतून ती घडत गेली. म्हणूनच ती वाचकाच्या मताचा अस्सल पुरावा आहेत. पदपथावरचा मजूर आणि मानवतची मुलगी यांची नावे प्रकरणाला मिळाली नाहीत. शहरातल्या प्रतिष्ठित कुटुंबांची मिळाली. पुण्यातल्या प्रकरणातही पहिला बळी एक विद्यार्थी होता, त्याचे नाव शीर्षकात नाही.

यावर आक्षेप घेता येईल आणि तो आम्ही आपसांत घेतलाही. पुण्यात एकाच घरातली अनेक माणसे एका रात्रीत मारली गेली, म्हणून घराण्याचे आडनाव प्रकरणाला चिकटणे स्वाभाविक होते. मानवतमध्ये बळी वेगवेगळ्या घरांतले होते, त्यांना एका नावात कसे बसवणार? रमन राघवच्या बळींपैकी कित्येकांची ओळख पटवणेच अवघड होते. हे सारे खरे आहे. परंतु ओळख पटवणे अवघड का होते, याचे उत्तर पुन्हा त्यांच्या राहण्याकडे आणि गरिबीकडेच जाते. नावे सोयीने पडतात हे मान्य केले, तरी सोय कुणाची, हा प्रश्न राहतोच.

या प्रकरणांनंतर मराठी रहस्यकथा बदलली का? सत्तरच्या दशकात सुहास शिरवळकर (१९४८–२००३) लिहू लागले होते. अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद असे त्यांचे मालिकानायक घरोघर झाले. नाईकांचे लेखन जोरात होते. हेतूचा करार मात्र मोडला नाही. जेथे माणसाच्या हेतूचा थांग लागत नाही तेथे मराठी वाचकाने दुसरा रस्ता धरला. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथांत दुष्टावा माणसापलीकडचा असतो आणि त्याच्याशी झुंजणारा नायक मात्र पुस्तकागणिक तोच असतो. निर्हेतुक क्रौर्य सोसवत नसेल तर ते अमानवी म्हणायचे, हीदेखील एक समजूतच. मानवतवर वेगळा विचार झाला तो मालिकेबाहेर. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’ (१९८१) हा चित्रपट खुनी कोण, या प्रश्नात अडकला नाही. असे खून होऊ देणारी माणसे आणि त्यांचे परस्परसंबंध कसे असतात, हे त्याने पाहिले. २०२४ मध्ये कुलकर्णींच्या आठवणींवर आधारलेली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी ती एका रात्रीत संपवली. दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर त्यांचे बोलणे कानांवर पडले. तपास कसा उलगडत गेला, अभिनय कुणाचा चांगला, शेवट पटला की नाही, असे ते बोलत होते. वाचनालयातल्या पेन्सिलीतले शेरे जणू पुन्हा ऐकू येत होते.

या विद्यार्थ्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. रहस्यकथा वाचणे हा गुन्हा नव्हे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहण्यात आम्ही स्वतः बरीच वर्षे दवडली आहेत. तिने सामान्य माणसाला वाचनाची गोडी लावली, बारकाईने पाहायला शिकवले, पुराव्याविना कुणावर ठपका ठेवू नये हा धडा मनोरंजनातून दिला. ‘का’ हा प्रश्न विचारण्याची सवय ही तर मोठीच देणगी आहे. मानवतच्या वेळी ही सवय आणखी अनेकांना असती तर मांत्रिकाच्या शब्दाला एवढे वजन आले नसते. २०१३ साली महाराष्ट्रात नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध कायदा झाला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारख्यांनी जी वर्षे वेचली त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. आमचे म्हणणे एवढेच की, हेतू कळला म्हणजे सारे कळले, ही जी सवय या मालिकांनी आपल्याला लावली ती तपासून पाहावी. हेतू खुन्याचा असतो. त्याच्या शोधात आपण खुन्याच्याच मागे चालत राहतो आणि जो मेला तो पहिल्या प्रकरणातच मागे पडतो.

येथे मानवतच्या मुलींची नावे छापून हिशेब चुकता करावा असा विचार आमच्या मनात आला होता. तो आम्ही सोडून दिला. त्यांची घरे अजून आहेत आणि त्यांच्या दुःखाचे प्रदर्शन मांडण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिलेला नाही. आम्ही करू शकतो ते आमच्या वर्गात. आता रहस्यकथेवर टिपण लिहायला सांगताना आम्ही ‘खुनी कोण आणि त्याचा हेतू काय’ याच्याआधी एक प्रश्न घालतो : कथेत जे मेले त्यांच्याविषयी तुम्हांला काय काय सांगता येईल? पहिल्या वर्षी बहुतेकांनी त्या प्रश्नाखाली दोन-तीन ओळी लिहिल्या. काहींनी जागा कोरी सोडली. ती कोरी जागा तपासताना गुण किती द्यावेत, हे आम्हांला अजून नीटसे ठरवता आलेले नाही, कारण त्या दिवशी वर्गात आमचेही उत्तर कोरेच होते.